शेवटच्या मडैचं पाणी

सकाळी उठल्यावर बाकीचे लोक देवाला हात जोडतात, मी मेट्टूर धरणाची पातळी बघते. पूर्वी वर्तमानपत्रात बघायची, आता फोनवर. यात माझं वेगळेपण काही नाही. तंजावूरमध्ये न्हावी, बसचा कंडक्टर, इडलीवाली, सगळ्यांना ती पातळी तोंडपाठ असते. धरण इथून चार-पाच तासांच्या वाटेवर, त्यातल्या निम्म्यांनी ते जन्मात पाहिलेलं नाही. राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत माझी आई चहाच्या आधी विचारते, "आज किती हाय ग?" घरात कुणाला ताप असावा आणि त्याचा पारा विचारावा, तशी.

मी पाटबंधाऱ्याच्या कामात इंजिनिअर आहे. फार मोठी नव्हे. धरण माझ्या हातात नाही आणि कल्लणैचा बंधाराही नाही. माझ्या हातात होता ओरत्तनाडूच्या दक्षिणेकडचा एक फाटा: मातीच्या बांधाचा कालवा, त्यावर लोखंडी दारांची दोन ठाणी, आणि दोन्ही काठांना गावोगावच्या मडै. मडै म्हणजे कालव्यातून शेतात पाणी घ्यायचं तोंड. माझा स्वभाव तापट. आई म्हणते, "हिला पाण्याच्या कामावर घेतलं ते बेस केलं. जाळाच्या कामावर घेतलं असतं तर अस्कं गाव पेटवलं असतं हिनं."

त्या वर्षी वरच्या डोंगरांतच पाऊस रुसला. जूनमध्ये धरण उघडलं, पण पुरतं भरलंच नव्हतं, आणि दिवाळीच्या आधीच ते बंद करावं लागलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण तोवर लोकांनी सांबा लावून टाकला होता. सांबा म्हणजे आमच्याकडचं लांब मुदतीचं भात. ईशान्येचा पाऊस येईल आणि निभावून नेईल असा सगळ्यांचा हिशेब होता. तो पाऊस आला, पण पाहुण्यासारखा, दारातूनच परत गेला. पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, झाला तेव्हा भात निसवून उभं होतं, दाणा दुधात होता, आणि माझ्या फाट्यात शेळ्या चरत होत्या.

अशा वेळी वरून हुकूम आला. उभं पीक वाचवण्यासाठी धरणातून थोडे दिवस पाणी सोडायचं ठरलं होतं. माझ्या फाट्याच्या वाट्याला सोमवार सकाळ ते शनिवार सकाळ एवढं आलं. त्यानंतर काही नाही. धरणात जे उरेल ते पिण्यासाठी.

त्याच दिवशी एक बाई ओरत्तनाडूच्या कचेरीत आली. फाट्याच्या अगदी शेपटाला जी शेवटची मडै आहे, तिच्यावर सहा-सात घरांची शेतं भिजतात. त्या सगळ्यांच्या वतीनं बोलायला ती आली होती, साठीच्या घरातली, पदर खोचलेली, दोन बस बदलून. तिनं माझ्या टेबलावर भाताची एक लोंबी ठेवली आणि नखानं एक दाणा दाबून दाखवला. पांढरं दूध आलं, पण जेमतेम.

"जास्त नको अम्मा," ती तमिळमध्ये म्हणाली. "घोट्याएवढं, एकदाच. दहा दिवसांनी आलं तर त्यात म्हशी धुवायच्या."

शेपटाच्या गावांना पाणी मिळत नाही ही काही नवी गोष्ट नाही. वरची गावं आधी पितात, मग मधली, आणि खाली पोचते ती फक्त बातमी. मला त्या लोंबीकडे बघून काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "बुधवारी तुमच्या मडैत पाणी असेल. माझा शब्द."

बाई गेल्यावर दाराशी उभा असलेला लस्कर हसला. लस्कर म्हणजे दारं वरखाली करणारा माणूस. हा आमचा लस्कर निवृत्तीला आलेला, काडीसारखा, आणि चप्पल कधी न घालणारा. "अम्मा," तो म्हणाला, "दारांना हुकूम द्या, माणसांना शब्द देऊ नका. पाण्याला कुणी विचारलंय?"

मी त्याला गप्प बसवलं. गप्प बसवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

अशा टंचाईच्या पाळीत एकच रीत चालते: सुरुवात शेपटाकडून. वरच्या सगळ्या मडै बंद ठेवायच्या, पाणी थेट खाली न्यायचं, खालच्यांचं झालं की मग वर वर उघडत यायचं. कागदावर हे एका ओळीत मावतं. प्रत्यक्षात ज्याचं भात वाळतंय त्याच्या डोळ्यांसमोरून, हाताच्या अंतरावरून, पाणी पुढे जाऊ द्यायचं असतं. रविवारी आम्ही वरच्या गावांची बैठक घेतली. मी कुलपं घेऊन गेले होते. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "कुलपं परत न्या, अम्मा. कुलूप तोडता येतं."

मग त्यांनी आपल्या पद्धतीनं मडै बंद केल्या. फळी खाली सोडली, कडेनं चिखल आणि पेंढा थापला, आणि वर चिमूटभर मातीचा पिळ्ळैयार बसवला, म्हणजे आपला गणपती, डोक्यावर दुर्वा खोचून. आता ज्याला मडै उघडायची असेल त्यानं आधी त्याला उचलायचं. एकामागून एक अठरा मडै, अठरा गणपती. मी मनात म्हटलं, आमचं सगळं नियमांचं पुस्तक या दुर्वांपुढे फिकं आहे.

सोमवारी सकाळी पाणी आलं. लस्करानं दार उचललं ते इतकं थोडं, की मला वाटलं गंजून अडकलंय. तो म्हणाला, "आधी कालव्याला पिऊ दे. दोन-तीन महिने उपाशी आहे. उपाशी माणसाला पहिल्याच दिवशी पंगतीत बसवतात का?" मग तो बांधावरून अनवाणी चालत निघाला. टाचेनं माती दाबत, थांबत, कुठे भुसभुशीत लागलं तर तिथे पावलांनी बडवत. कोरड्या वर्षात बांधांना भेगा पडतात, खेकडे आणि उंदीर बिळं करून ठेवतात. माती हळूहळू भिजली की फुगते आणि भेगा आपोआप मिटतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तो ते टाचेनं वाचत होता.

मंगळवारी सकाळी पाहिलं तर पाणी निम्म्या वाटेलाही पोचलं नव्हतं. फोनवर धरणाची पातळी अजून खाली. बुधवारचा शब्द माझ्या मानगुटीवर. मी लस्कराला म्हटलं, "दार उचला. दुप्पट."

"बांध अजून भिजला नाही, अम्मा."

"इथे इंजिनिअर कोण आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि चाक फिरवायला लागला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, ते बाशिंग त्या दिवशी मी बांधलं होतं. पाणी मोठ्यानं आवाज करत निघालं आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

दुपारी दोनच्या सुमारास फोन आला. दोन गावं खाली कालवा फुटला होता.

मी स्कूटरवरून पोचले तेव्हा बांधाला म्हैस जाईल एवढं भगदाड पडलं होतं. सुरुवात उंदराच्या बिळानं झालेली, लोकांनी ते ओळखलं होतं. तांबडं पाणी धबाधबा खालच्या शेतात उतरत होतं. ते शेत ज्याचं होतं तो माणूस बांधावर उभा होता, चाळिशीचा, लुंगी गुडघ्यावर दुमडलेली. त्याचं भात टोकापासून पिवळं पडलेलं. आणि त्या पिवळ्या भाताच्या मुळांशी पाणी असं शिरत होतं, ओळीओळीतून, की बघणाऱ्याच्या घशाला बरं वाटावं. बगळेसुद्धा येऊन बसले होते. भेगाळलेली जमीन पाणी पिताना बारीक आवाज करते, बुडबुड्यांचा. तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

तोवर पंचवीस-तीस माणसं जमली. सगळ्यांचीच भातं तशीच पिवळी. बाकी काही करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं, हातावर हात ठेवून, अर्धा तास. कुणाचा गुन्हा नाही, कुणाची चोरी नाही. त्यांची मडै शंभर पावलांवर बंद होती, दुर्वा जागच्या जागी. गर्दीतून कुणीतरी म्हणालंही, "आपण कुठे मडै उघडली? उंदरानं उघडली. आणि उंदीर तर त्याचंच वाहन. देवानं आपलं वाहन पाठवून पाणी दिलं, आता आपण नाही म्हणायचं?"

सगळे हसले. मीही हसले, पण युक्तिवाद बिनतोड होता.

लस्कर धावत आला होता. त्याला धाप लागली होती. शेताच्या मालकानं त्याला एवढंच विचारलं, "आज पाळी कुणाची?"

"शेपटाची," लस्कर म्हणाला.

तो माणूस आणखी क्षणभर आपल्या भाताकडे बघत राहिला. मग वळला, घराकडे गेला, आणि आला तो पेंढ्याचे भारे घेऊन. त्या कोरड्या वर्षात पेंढा म्हणजे गुरांचं आयुष्य. आपली गंजी त्यानं उपसायला काढली आणि पहिला भारा छातीशी धरून तो स्वतः भगदाडात उतरला. त्याच्या मागे ज्यानं उंदराचा विनोद केला होता तो. मग बाकीचे. माणसं हातात हात गुंफून पाण्याच्या धारेला आडवी उभी राहिली, त्यांच्या पाठीमागे नारळाचे ओंडके, केळीचे खांब, मातीची पोती पडत गेली. मी वरच्या ठाण्याला फोन करून दार खाली करायला सांगितलं, मग साडी खोचून पोती भरायला बसले. माणसं स्वतःच्या शेतात चाललेलं पाणी स्वतःच्या अंगानं अडवत होती, आणि हे मी उघड्या डोळ्यांनी बघत होते. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ दारं बंद झालेली पाहिली आहेत. अशी कधी नाही.

सूर्य कलायच्या आत भगदाड बुजलं. शेताचा मालक चिखलानं माखून वर आला आणि लस्कराला म्हणाला, "माझं तिसरा हिस्सा शेत भिजलं. ते माझ्या पाळीतून कापा." लस्करानं मान डोलावली. दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी लस्कराला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "चूक माझी. मी रिपोर्टात तसंच लिहीन."

"लिहा," तो म्हणाला. "पण आज दाराला हात लावू नका." एवढं बोलून तो पुन्हा टाचेनं बांध तपासायला निघून गेला. मला तो टोमणा लागायला हवा होता तेवढा लागला.

बुधवार माझ्या शब्दाचा दिवस. त्या दिवशी मी स्कूटर सोडली आणि पाण्याबरोबर चालले. कोरड्या कालव्यातून पाण्याचं तोंड पुढे सरकताना पाहायला हवं. मोठा लोंढा वगैरे काही नसतो. फेसाची एक कड असते, तिच्यापुढे वाळकी पानं, नारळाच्या झावळ्यांचा चुरा, एखादी तुटकी चप्पल. कडेच्या पुढे मुंग्या पळतात, नाकतोडे उडतात. खड्डा आला की पाणी थांबतं, तो भरतं, आणि मग जणू दम घेऊन पुढे निघतं. माझ्या आईच्या चालीनं, गुडघे दुखत असताना ती चालते त्या चालीनं. त्याच्या शेजारून चालताना माझ्या मनात आलं, हे पाणी कुठल्या डोंगरात पडलं असेल? किती धरणांत अडलं, किती राज्यांच्या भांडणांत तुंबलं, किती सह्यांनी सुटलं. आणि आता माझ्या पायाशी एक खेकड्याचं बीळ भरण्यासाठी थांबलंय. मला हात जोडावेसे वाटले. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून मी जोडलेही.

घरून आईचा फोन आला. "पोचलं का ग?"

"चालतंय," मी म्हटलं.

"मग चालू दे. ओरडू नको त्याच्यावर."

शेवटच्या मडैला पाणी पोचलं ते गुरुवारी सकाळी, एक दिवस उशिरा. ती बाई आणि तिची शेजारची माणसं कालव्यात उतरून उभी होती. पाणी त्यांच्या पावलांना लागलं. बाईनं वाकून ओंजळभर घेतलं, डोळ्यांना लावलं आणि मडैची फळी उचलली.

आता हिशेब असा होता. खालच्यांना दोन दिवस मिळायचे होते, माझ्या घाईमुळे एकच उरला. शुक्रवारी सकाळी त्यांची पाळी संपणार, मग शनिवारी सकाळपर्यंत वरच्या अठरा मडै. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा तिथे गेले. निम्मी शेतं भिजली होती, हिरवा रंग मुळापासून वर चढल्यासारखा दिसत होता. खालची निम्मी तशीच, भेगाळलेली. पाणी त्यांच्या बांधापर्यंत येऊन संथ झालं होतं. आणखी बारा तास मिळाले असते तर सगळं भिजलं असतं.

हे मी वाटेतच ठरवून आले होते. मी त्या बाईला म्हटलं, "मंगळवारी कालवा फुटला तो माझ्या चुकीनं. तुमचा एक दिवस मी गमावला. म्हणून आज संध्याकाळपर्यंत पाणी तुम्हालाच. मी वर कळवते." हे म्हणताना मी स्वतःवर जरा खूश होते. चूक कबूल करून भरपाई देणारी अधिकारी रोज भेटत नाही.

बाईनं विचारलं, "हे बारा तास कुणाचे?"

मी म्हटलं, "वरच्या गावांचे. त्यांच्या पाळीतले."

"ज्यांनी फुटलेलं बुजवलं, त्यांचे?"

तिच्यापर्यंत ते पोचलं होतं तर. खाली बातमी तरी पोचतेच, हे मी म्हटलंच आहे. मी हो म्हटलं.

"त्यांचा दाणा कुठवर आलाय?"

"दुधात," मी म्हटलं. "तुमच्यासारखाच."

शेजारचा एक माणूस काहीतरी पुटपुटला. त्याचं शेत खालच्या निम्म्यात होतं. बाई त्याच्याकडे वळून म्हणाली, "माझं पण खालीच आहे." तेव्हा मला कळलं की भिजलेल्या शेतांत तिचं एकही नव्हतं. मडै तिनं उघडली होती, पण पाणी तिनं आधी बाकीच्यांना दिलं होतं. कचेरीत माझ्या टेबलावर तिनं ठेवलेली लोंबी तिच्या स्वतःच्या शेतातली होती की नाही, तेही मी कधी विचारलं नव्हतं.

"आधी माझ्या चुकीची भरपाई होऊ दे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, रागानं नव्हे.

"चूक तुमची, तर भरपाई तुमच्या घरची द्या," ती म्हणाली, अगदी साधेपणानं, बाजारात भाव सांगावा तशी. "त्यांचं कशाला देता? फोन लावा."

मी लस्कराला फोन लावला. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि जुनी माणसं बोलतात तसं, अंतर जेवढं तेवढं मोठ्यानं, ओरडून म्हणाली, "अण्णा, आमचं झालं. वरची उघडा!"

तिनं फोन परत माझ्याकडे दिला. पलीकडून लस्करानं विचारलं, "अम्मा, खरंच झालं का? सगळं भिजलं?"

माझ्यासमोर तिचं शेत होतं, या बांधापासून त्या बांधापर्यंत कोरडं. त्या वर्षी त्यातून नुसता पेंढा निघणार हे मला दिसत होतं, आणि तिलाही. कुठल्याही मोजपट्टीवरचा आकडा मी आजवर खोटा सांगितलेला नाही.

"झालं," मी म्हटलं. "उघडा." बाई तोवर मडैची फळी खाली करायला पाण्यात उतरली होती.